मंत्र अर्ध्यावर का तुटतो?

"घाई नको. आधी बघू द्या," काउंटरपलीकडून आवाज आला, आणि चष्म्याच्या फ्रेममध्ये काच बसवणारी तिची बोटं थबकली. हा आवाज गेलं वर्षभर दर रविवारी दुपारी हेडफोनमधून तिच्या कानात होता. चेहरा मात्र ती आज पहिल्यांदा बघत होती.

तुटक्या काडीचा चष्मा धरून तो दुकानाच्या मालकांशी बोलत होता.

"कासव?" तिच्या तोंडून निसटलं.

त्याने मान वळवली. डोळे बारीक करून तो बघत राहिला... "ठिणगी?"

दोघांना काय झालंय ते मालकांना कळेना. ऑनलाइन खेळात ती ठिणगी नावाची जादूगारीण होती आणि तो कासव नावाचा ढालवाला. रविवारी त्यांची टोळी एखाद्या अजस्र राक्षसावर चाल करून जायची. त्याला ते रेड म्हणत. कासवाने पुढे उभं राहून मार खायचा, वैद्याने त्याला जगवायचं आणि ठिणगीने मागून आगीचे मंत्र फेकून राक्षसाला भाजून काढायचं. पण तिच्या मंत्रांनी त्याला चटकाही बसत नव्हता. डॅमेजमध्ये, म्हणजे राक्षसाला केलेल्या इजेच्या आकड्यात, ती टोळीत तळाला होती. येत्या रविवारी सुधारणा दिसली नाही तर तुझ्या जागी दुसरी, असं म्होरक्याने कालच सुनावलं होतं. टोळी सुटली असती तर तिला चाललं असतं. पण हा आवाजही सुटणार, या विचाराने तिला जेवण गोड लागेना.

तिने नवी काठी घेतली होती, मंत्रांचा क्रम तोंडपाठ केला होता. सरावाच्या लाकडी बाहुल्यासमोर डॅमेज फक्कड यायचा, आणि रेडमध्ये मात्र माती खायचा. असं का, हे काही केल्या उमगत नव्हतं. दुकानात तिच्याकडून हे ऐकून त्यालाही कुतूहल वाटलं. तो गाडी चालवायला शिकवायचा. एकदा शेजारी बसून बघतो, म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन तिच्या घरी आला. वहिनीने मटार सोलायच्या निमित्ताने त्याच खोलीत बैठक मारली. खेळात खुशाल अरे-तुरे करणारे दोघं आता अहो-जाहोवर आले होते. सरावाची छोटी लढाई सुरू झाली आणि तो स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत बसला. वहिनी खाकरली.

"असं काय बघताय?"

"शिकाऊ माणसाची गाडी का डुगडुगते, ते रस्त्याकडे बघून कळत नाही. त्याची नजर बघावी लागते."

"मग कळलं?"

"तुमचा मंत्र पुरा व्हायला वेळ लागतो. मला मार बसला, की तुम्ही तो अर्ध्यावर सोडता आणि माझ्यावर संरक्षणाची फुंकर घालता." तो जरा थांबला. "बाहुल्याच्या सरावात मी नसतो."

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ठिणगी मात्र कानापर्यंत लाल झाली.

"मला सांभाळायला वैद्य आहे," तो हळूच म्हणाला. "उद्या मला पडू द्या."

रविवारी राक्षसाने हातोडा उचलला. वैद्य आधीच गारद झाला होता. कासवाची जीवरेषा सरसर उतरली, तिचं बोट फुंकरीकडे गेलं... आणि तिने ते मागे घेतलं. कासव कोसळला. डोळ्यांत पाणी असतानाच तिने मंत्र पुरा केला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. राक्षस भुईसपाट झाला. म्होरक्याने तिची जागा पक्की झाल्याचं सांगितलं, आणि गलका करून सगळे एकेक करत निघून गेले.

फक्त एक आवाज उरला.

"ठिणगे, त्या फुंकरा मला पहिल्यापासून माहीत होत्या."

"मग आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर बंद झाल्या असत्या... पण तू गेली असतीस तर मी इथे कुणासाठी आलो असतो?"

"मग काल घरी कशाला आलास?"

"पुढे उभ्या असलेल्या कुणावरही फुंकर घालतेस, की माझ्यावरच, ते बघायला."

"काय दिसलं?"

"तुझी नजर माझ्यावरून हलत नव्हती. आणि माझी तुझ्यावरून."

ती म्हणाली, "उद्या दुकानात ये."

"चष्मा आता ठीक आहे माझा."

"माहीत आहे. तरी ये."