खाकी पोलकं

रूपा त्या वाचनालयात शिरली ती पुस्तकासाठी नव्हे, पावसापासून फाईल वाचवायला. परतीचा पाऊस तो, त्याला ना वेळ ना लाज. गुलमंडीच्या बाजारात चांगलं ऊन पडलं होतं आणि कोपरा वळेस्तोवर धो धो सुरू. छातीशी चित्रांची फाईल कवटाळून पोरगी पळत सुटली आणि समोर दिसलं त्या दारात घुसली. दाराशी टेबल, टेबलामागं चष्मा, चष्म्यामागं एक शिडशिडीत, गोरापान पोरगा.

"सभासद आहात का?" त्यानं विचारलं.

"आधी पुसायला फडकं द्या. मग होते सभासद."

फडकं काही सापडेना. शेवटी त्यानं खिशातला रुमाल काढून दिला, इस्त्रीचा, घडी न मोडलेला. रूपानं त्या रुमालानं आधी चित्रं टिपली, मग कपाळ टिपलं आणि त्याचा पार बोळा करून परत दिला. त्यानं तो बोळा तसाच खिशात ठेवला. आता शहाण्या माणसानं तिथंच ओळखावं की हा गडी गेला कामातून.

रूपा म्हणजे पिशोरच्या कारभारी मोकासे यांची लेक, चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. गावाकडं बायका विचारायच्या, पोरगी शिकून काय भिंती रंगवणार का? ती म्हणायची, व्हय, पण आधी तुमची तोंडं रंगवते. अशा पोरीला पाऊस थांबेस्तोवर गप बसवतंय कोण? फिरत फिरत ती कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटापाशी गेली. आत जाड जाड पुस्तकं, चित्रांची, चित्रकारांची, फोटोंची. एकेक पुस्तक असं की तिच्या कॉलेजातसुद्धा नुसतं नावच ऐकलेलं. कपाटाला हे एवढं कुलूप.

पोरगा म्हणाला, ती घरी देत नाहीत. ती म्हणाली, इथंच बघते. त्यावर तो चाचरला—

"ती... इथंही देत नाहीत."

"मग ठेवलीत कशाला, हळदीकुंकू वाहायला?"

त्याला हसू आलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि चावी लावली.

रूपानं सगळ्यात मोठं पुस्तक ओढलं. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांचे फोटो होते त्यात, पानभर मोठाले. मधलं पान उघडून बघते तर काय... त्या सावळ्या, सुंदर राण्या, त्यांच्या दासी, वरून उडणाऱ्या अप्सरा, एकूणएक बाईच्या अंगात खाकी कागदाचं पोलकं. नीट कातरलेलं, बाह्यांसकट, खळीनं चिकटवलेलं. दुसरं पुस्तक काढलं, त्यात तालमीतल्या पैलवानांचे फोटो. त्यांनाही खाकी बंड्या. रूपा अशी हसली की वर्तमानपत्रं वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी माना वर काढल्या.

"ही पोलकी कुणी शिवली?"

"आजोबांनी," पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्याचं नाव मिहिर. दिवसा वाळूजला कंपनीत, संध्याकाळी इथं टेबलावर. आजोबा म्हणजे व्यंकटराव, वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनीच हे वाचनालय दारोदार फिरून उभं केलं आणि त्यांनीच कधीकाळी, पोरांच्या नजरेला नको म्हणून, बसून बसून ही शिलाई केली. बरं, याच व्यंकटरावांनी दर थंडीत वाचनालयाच्या पोरांची सहल अजिंठ्याला न्यायची, काठी टेकत पुढं चालायचं आणि हीच चित्रं पोरांना कौतुकानं दाखवायची, हेही मिहिरनंच सांगितलं.

"तिथं भिंतीला पोलकं घालत नाहीत का?"

"तिथं पहारेकरी असतो," मिहिर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले आणि एकदमच फुटले. बाहेर पाऊस केव्हाच थांबला होता. ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही... की आलं आणि कुणी बोललं नाही, देव जाणे.

त्या वाचनालयात एक रीत होती. वर्धापनदिनाला दाराशी एक फळी मांडायची, 'अवश्य वाचा' म्हणून. प्रत्येक पुस्तकाला एक चिठ्ठी: कोण सुचवतंय आणि का. दरसाल त्याच कादंबऱ्या आणि तीच संतचरित्रं, धूळ झटकून पुन्हा उभी. यंदा फळीचं काम मिहिरकडं आलं होतं. त्यानं रूपाला विचारलं, चित्रांची, चित्रकारांची, फोटोग्राफीची पुस्तकं तुम्ही निवडाल का? ती म्हणाली, निवडते, पण एका अटीवर. पोलकी उतरवायची.

सोमवारी वाचनालय बंद आणि मिहिरच्या कंपनीलाही सुट्टी. त्या दुपारी दोघं आतल्या खोलीत बसत. किटलीत पाणी उकळायचं, वाफ लांबून द्यायची, खळ मऊ झाली की रूपा ओल्या ब्रशानं कागदाची कड अशी हळू उचलायची, जशी झोपलेल्या लेकराच्या अंगावरची गोधडी. एक कोपरा सुटायला घटका घटका जायची. घाई केली की खालचं चित्र फाटणार. मिहिरनं पान धरायचं, तिनं सोडवायचं. दोन डोकी एका पानावर म्हटल्यावर केसाला केस लागणारच. कागदाखालून एकेक खांदा निघायचा, मोत्यांची माळ निघायची आणि दोघं श्वास धरून बघत राहायचे.

एकदा वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला. हात पानावर अडकलेले. रूपानं चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि परत न घालता त्याच्या डोळ्यांकडं बघत बसली.

"घाला ना. दिसत नाहीये मला."

"मला दिसतंय."

"काय?"

"पापण्या. मुलाला कशाला दिल्यात एवढ्या लांब, वाया घालवल्या."

"वाया नाही गेल्या," तो म्हणाला, "तुम्ही... तू बघितल्यास ना."

तुम्हीचं तू झालं ते असं. पुढच्या सोमवारांत सगळं पुस्तक मोकळं झालं. पैलवानांच्या बंड्या गेल्या, आणि दोघांना एकमेकांवाचून करमेनासं झालं.

पण मिहिर होता भित्रा. वाईट नव्हता, भित्रा. आजोबांसमोर त्यानं कधी वर मान केली नव्हती. घरात सोवळंओवळं, आणि व्यंकटरावांनी नातवासाठी मनात एक वकिलाची मुलगी पक्की केलेली. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की हा रूपापासून हातभर लांब चालू लागायचा. रूपा ते बघायची आणि गिळायची. पिशोरला तिच्यासाठीही स्थळ बघायला सुरुवात झाली होती. ती ताणून धरत होती, रोज फोनवर आईशी भांडत होती. इकडून हा काही बोलतोय का, एवढीच वाट.

वर्धापनदिनाच्या आदल्या संध्याकाळी ती फळी बघायला गेली. पुस्तकं ओळीनं उभी होती. तिनं निवडलेली, तिच्या शब्दांतल्या चिठ्ठ्यांसकट. पण प्रत्येक चिठ्ठीखाली, जिथं तिचं नाव हवं तिथं, मिहिरच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: एक वाचक. आणि अजिंठ्याचं पुस्तक तर फळीवर नव्हतंच. ते पुन्हा कपाटात, कुलपाआड.

तिनं आवाज चढवला नाही. तिच्यासारखीनं आवाज न चढवणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं.

"माझं नाव खाल्लंस तू."

तो गडबडला. म्हणू लागला, आजोबा नाव विचारतील, मग गाव विचारतील, मग घर विचारतील; थोडे दिवस जाऊ दे, त्यांच्या कलानं घेऊ, मी हळूहळू सांगतो.

"हळूहळू म्हंजे कवा? माझ्यावर दुसऱ्याच्या अक्षता पडल्यावर?" रूपा म्हणाली. "तुझ्या आजोबांनी निदान कागद तरी चिकटवला. तू तर आख्खी बाईच पुसलीस. ऐक मिहिर, मला लपून राहायची सवय नाय आणि लावून घ्यायची बी नाय. उद्या मी येणार. तिथं माझं नाव दिसलं नाय, तर मी तुला ओळखत नाय."

ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती गडद गुलाबी साडी नेसून, केसांत शेवंती माळून, मान ताठ. सभासद जमले होते. फळीवर पांढरा पडदा. व्यंकटराव पुढं, शेजारी त्यांच्या पत्नी यमुनाबाई खुर्चीत. मिहिर एका बाजूला, कागदासारखा पांढरा. त्यानं रूपाकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं, संपलं.

व्यंकटरावांनी पडदा ओढला.

मधोमध, लाकडी घोडीवर, अजिंठ्याचं पुस्तक उघडं ठेवलं होतं. पानभर ती सावळी राणी, जशी भिंतीवर आहे तशी. खाली ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: सुचवणार, रूपा कारभारी मोकासे, पिशोर. आणि फळीवरच्या हरेक पुस्तकाखाली तेच नाव.

व्यंकटरावांनी काठी आपटली.

"हे कुणी केलं?"

मिहिर पुढं आला. चष्मा नाकावर घसरला होता, आवाज कापत होता, पण पाय मागं गेले नाहीत.

"मी केलं, आजोबा. मी आणि रूपानं. दर सोमवारी बसून केलं. आणि... मला हिच्याशीच लग्न करायचंय. आधी सांगायला हवं होतं. घाबरलो होतो."

"मोकासे म्हणजे—" व्यंकटराव सुरू झाले.

"पिशोरचे मोकासे," रूपाच बोलली. "शेती आहे आमची. मका, कापूस, आद्रक. बाकी काय विचारायचं ते मलाच विचारा, मी हितंच उभी आहे."

असं त्यांना कुणी बोललं नसावं बऱ्याच वर्षांत. ते बघत राहिले, नातवाकडं, मग तिच्याकडं. तेवढ्यात यमुनाबाई खुर्चीतून उठल्या, पुस्तकापाशी गेल्या आणि पदरानं पानावरची न दिसणारी धूळ पुसून म्हणाल्या, "किती देखणी आहे हो ही. आमच्या वाचनालयात एवढी वर्षं होती आणि मला दाखवली नाही कुणी."

व्यंकटरावांनी ना हो म्हटलं ना नाही. या वयात मला शिकवू नका, एवढं पुटपुटले आणि वाचनकक्षात जाऊन वर्तमानपत्रामागं बसले. त्यांचं मन वळायला किती काळ लागेल, वळेल की नाही, ते कुणी सांगावं? पण त्यांनी पुस्तक मिटलं नाही. आणि सभासदांची पान उलटायला रांग लागली, त्यात सगळ्यात पुढं यमुनाबाई.

संध्याकाळी गुलमंडीच्या ऐन गर्दीत रूपानं मिहिरचा हात धरला. कापडाच्या दुकानांतून माना वळल्या.

"लोक बघतायत," तो म्हणाला. हात मात्र सोडवला नाही.

"बघू दे. फुकट आहे."

थोडं पुढं गेल्यावर ती थांबली. तिच्याही आवाजात आता जरा थरथर होती, पहिल्यांदाच.

"उद्या सकाळच्या एसटीनं पिशोरला यायचं माझ्यासंगं. आई बोलंल, लई बोलंल. मनावर घ्यायचं नाय. आप्पा काय बोलणार नाय, नुसते बघतील. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा."

"आणि मी काय बोलायचं?"

"आज बोललास तेच," रूपा म्हणाली. "फकस्त आप्पांना ऐकू कमी येतं. जरा मोठ्यानं बोल, शेजारपाजारला बी ऐकू जाऊ दे."