डावखुरी गाठ

पळसदरीच्या धरणात कोणी बुडालं की शोधायला रूपेश उतरायचा, पण उतरायचं की नाही हे ठरवायची त्याची थोरली बहीण हर्षला. गावातले टगे त्याला चिडवायचे, बायकोआधी बहिणीची परवानगी. चिडवेनात का बापडे, सात वर्षांत रूपेशच्या अंगावर ओरखडा आला नव्हता.

तिची रीत साधी. माथेरानच्या डोंगरावर ढग नको, वारा पडलेला हवा, आणि दोराला बांधलेली स्टीलची थाळी पाण्यात चार हात खोलवर दिसायला हवी. दोरावर दर हाताला लाल खूण होती.

त्या सकाळी नवनाथ काठावर उकिडवा बसला होता. त्याचा मुलगा नवीन बुडून दोन दिवस झाले होते. कालपर्यंत पाणी कोऱ्या चहासारखं. आज मात्र लख्ख. एका रात्रीत पाणी असं निवळत नाही, हे हर्षलाला ठाऊक होतं.

"बाय, आता तरी सोडा त्याला आत," नवनाथ म्हणाला.

"ताई, पानी बघ की किती साफ हाय," रूपेशनेही री ओढली.

तिने थाळी सोडली. चार हात. आठ हात. थाळी दिसतच होती. बारा हातांवर तिथे तळ लागतो. उन्हाळ्यात तिने स्वतः मोजला होता. वीस खुणा गेल्या तरी दोर जातच राहिला आणि खाली थाळी चकाकत राहिली. एकही मासा नव्हता.

मग दोराला हिसके बसले. एक. दोन. तीन.

तीन म्हणजे 'वर ओढ'. हा इशारा फक्त तिचा आणि रूपेशचा.

रूपेश तर तिच्या शेजारी दगडावर बसून पायात फ्लिपर चढवत होता.

तिने घाबरून भराभर दोर ओढला. थाळी वर आली. सकाळी तिने साधी गाठ मारली होती. आता तिथे उलटी, डावखुरी गाठ होती. तशी गाठ एकटा रूपेश मारायचा, उतरण्याआधी, स्वतःच्या कमरेला.

"आज नाय उतरायचं," ती म्हणाली.

"बरं, ताई."

इतक्या सहज तो कधीच ऐकायचा नाही.

गाठ सोडवायला त्याने हात पुढे केला. सकाळपासून तो पाण्याला शिवलाही नव्हता. त्याची बोटं मात्र दोन दिवस पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली होती.