आवरलेले शब्द

"गौरवी, ऊठ. णीपा गमर आहे."

गौरवी पांघरुणातच हसली. तिला वाटलं, सोबती थट्टा करतोय. पण यंत्रमानवाला थट्टा कुणी शिकवलेलीच नव्हती. स्वयंपाकघरातून नानांचा आवाज आला, "अरे, ढपांरी गोळी म्हणजे कुठली? नीट सांग बाबा."

"ढपांरी," सोबती शांतपणे म्हणाला.

गौरवीचे आईबाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करत आणि शनिवारी घरी येत. बाकीचे दिवस घरात ती, आईचे वडील नाना आणि सोबती. तिला चालायला सोबतीनं शिकवलं होतं, आणि नानांच्या गोळ्याही तोच देई.

आईनं पडद्यावरून सगळं ऐकलं. "औषधांचा प्रश्न आहे, गौरवी. संध्याकाळी सेवाकेंद्राचा माणूस येईल. जुनी स्मृती पुसून नवी भरेल."

"मग त्याला आपण आठवू?"

आई म्हणाली, "नाही गं, बाळा."

नानांनी चष्मा पुसला. अवकाशयानांकडून येणारे तुटके संदेश जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते म्हणाले, "आठवणी शाबूत आहेत त्याच्या. फक्त बोलण्याचा शब्दसंग्रह बिघडलाय. तो माणूस दोन्ही पुसेल, कारण त्याच्याकडे तेवढाच उपाय आहे. रडायचं असेल तर नंतर रड. आधी कोडं सोडवू."

"शब्दांची अक्षरं उलटसुलट लावून बघू या?"

"बघता येईल. तीन अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात, चार अक्षरं चोवीस प्रकारे. सात असतील तर पाच हजारांच्या वर. याला क्रमपर्याय (त्याच गोष्टी वेगवेगळ्या क्रमानं मांडण्याचे प्रकार) म्हणतात. पण आंधळेपणानं कशाला शोधायचं? बिघाड कसा झालाय ते आधी कळू दे. कुठले शब्द धड आहेत?"

"माझं नाव," गौरवी लगेच म्हणाली. "तो माझं नाव विसरला नाही, नाना."

नानांनी कागद पुढे ओढला. "आणखी?"

ती एकेक वस्तू सोबतीला दाखवू लागली. साखरेला तो 'खरसा' म्हणाला, पतंगाला 'गतंप', कपाटाला 'कटपा'. चहा मात्र चहाच राहिला, आणि फरशीवरच्या नक्षीतलं कमळही कमळच.

"खरसा," ती पुटपुटली. "ख, र, सा." मग बोटांवर मोजू लागली. "क, ख, ग… नाना, ख आधी येतो, मग र, मग स. गतंप बघा. ग, त, प. हे तर तुमच्या मसाल्याच्या डब्यांसारखं झालंय."

नानांच्या स्वयंपाकघरात ओवा, खसखस, जिरे, धने, हळद असे डबे वर्णमालेच्या क्रमानं उभे असत. या घरात 'आवरणं' म्हणजे तसं लावणं. आणि काल, दिवाळीच्या साफसफाईत, गौरवीनं सोबतीला सांगितलं होतं, "आज सगळं आवरायचं. एकही गोष्ट सोडायची नाही."

त्यानं खरंच एकही सोडली नव्हती. शब्दसुद्धा.

"आपल्याच घरात होईल असं," नाना कपाळाला हात लावून म्हणाले.

"मग उलटं आवरायला सांगू."

"डबे ओळीत लावल्यावर आधी कुठला कुठं होता हे डब्यांना आठवतं का? क्रम लावताना जुना क्रम हरवला. पण एक युक्ती आहे. शब्दकोशातला प्रत्येक शब्द आपणही तसाच आवरू. 'पतंग' आवरला की 'गतंप' होतो. म्हणून एका कप्प्यावर 'गतंप' लिहायचं आणि आत 'पतंग' ठेवायचा. कप्प्यावरच्या या नावाला किल्ली (शब्द शोधण्याची खूण) म्हणू. अक्षरं तीच असतील, तर ती कशीही विस्कटलेली असोत, किल्ली एकच. शब्दकोडी सोडवणारी यंत्रंही असंच करतात. हजारो मांडण्या तपासण्याऐवजी एकदा आवरायचं आणि कप्पा उघडायचा."

गौरवी विचारात पडली. "पण 'रस' आणि 'सर' एकाच कप्प्यात येतील."

"येतील. तिथं शेजारचे शब्द मदत करतात. 'आंब्याचा' असेल तर रस, 'गणिताचे' असतील तर सर. याला संदर्भ म्हणतात."

नानांचा संगणक शब्दकोश आवरत होता, तेव्हा गौरवी बोटांवर पुन्हा अक्षरं मोजत होती. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्यानं माझं नाव जपलं नव्हतं. ग, र, व. ते आधीपासूनच क्रमात होतं."

"हो," नाना म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "नाव क्रमात होतं, म्हणून वाचलं. पण मी सकाळपासून एक पाहतोय. एरवी तो तुला दर वाक्यात हाक मारत नाही. आज मारतोय. आपलं बोलणं कुणाला कळत नाहीये, पण 'गौरवी' म्हटलं की तू वळून बघतेस, हे त्याच्या लक्षात आलंय. म्हणून तो तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरतोय."

गौरवीनं सोबतीकडे पाहिलं. तो दाराशी उभा होता.

"गौरवी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "गौरवी."

ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.

सेवाकेंद्राचा माणूस आला तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि किल्ल्यांचे सगळे कप्पे सोबतीत भरून झाले होते. त्यानं सोबतीला नानांची औषधं विचारली.

"सकाळी पांढरी गोळी, जेवणानंतर," सोबती म्हणाला. "रात्री निळी. नाना ती घ्यायला टाळाटाळ करतात."

"चुगलखोर," नाना म्हणाले.

तो माणूस हसला. नानांनी त्याला किल्ल्यांबद्दल सांगितलं. त्यानं पुन्हा दोनतीनदा विचारून खात्री केली आणि हत्यारांची पेटी न उघडताच निघाला. दारात मात्र थांबला. "आजोबा, ही किल्ल्यांची युक्ती मला शिकवाल? केंद्रात असे शब्द बिघडलेले आणखी यंत्रमानव आहेत. आम्ही सगळ्यांना पुसूनच टाकतो."

"मला कशाला विचारता? हिला विचारा."

गौरवीनं त्याला ओट्याजवळ नेलं आणि खुर्ची ओढून दिली. ती बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात सोबती वाकून म्हणाला, "एका कप्प्यात दोन शब्द आहेत. शेजारच्या शब्दांवरून ठरत नाही. कुठला घेऊ?"

"पूर्ण वाक्य सांग," ती म्हणाली. "आपण मिळून ठरवू."