हिरव्या पट्ट्यातला काटा

अमेरिकेत घरातल्या हवेलाही पाणी पाजावं लागतं, असं कराडात कुणी सांगितलं असतं तर शोभनाबाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दोन हजार पाचच्या डिसेंबरात त्या श्रूजबरीला लेकाकडे राहायला आल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या टाचा फुटल्या, ओठ फुटले, शाल काढली की केसांतून चटचट ठिणग्या उडायला लागल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरात तळघरातली भट्टी जमिनीतल्या जाळ्यांमधून दिवसभर कोरडी, गरम हवा ओकत असायची. शैलेंद्र कंपनीत जायचा. सून नीलांबरी घरी असायची. तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती.

आणि हॉलमध्ये सरडा होता.

शैलेंद्र त्याला कॅमेलिऑन म्हणायचा. छातीइतका उंच, बारीक जाळीचा पिंजरा, वर तापणारा दिवा, आत मनी प्लांटचे वेल, आणि फांदीवर ते हिरवं ध्यान, दोन डोळे दोन दिशांना फिरवत बसलेलं. त्याचे नखरे राजाचे. वाटीतलं पाणी त्याला चालत नाही, पानावरून ओघळणारा थेंबच तो पिणार. काचेच्या पेटीत ठेवला तर हवा कोंडून छाती भरते, जाळीत ठेवला तर ओल टिकत नाही. पिंजऱ्याच्या दारावर हवेतली ओल दाखवणारं गोल घड्याळ होतं. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात राहिला पाहिजे. त्यासाठी दिवसभर बाटलीने फवारे मारायचे, हे काम नीलांबरीचं.

"बाळंतिणीची कुणी एवढी बडदास्त ठेवत नाही," शोभनाबाई म्हणाल्या.

नीलांबरी हसली नाही. फुसफुस फवारत राहिली. "आई, शैलेंद्र घरी आला की आधी काटा बघतो."

बघायचा खरंच. बूट काढायच्या आधी. काटा खाली आलेला असला तर बोलायचा काही नाही, नुसता जबडा हलायचा. मग जेवणं व्हायची, बेडरूमचं दार लागायचं आणि आतला टीव्ही मोठा व्हायचा. शोभनाबाई भांडी विसळत राहायच्या. टीव्ही मोठा का करतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या घरात त्या कामाला रेडिओ होता.

पहिला डाग त्यांनी एका सकाळी पाहिला. सरड्याच्या डाव्या कुशीवर, पिकल्या जांभळाच्या रंगाचा, कडेला पिवळट.

"याला काय झालं गं?"

"रंग बदलतात ते. मूड असेल त्याचा."

नीलांबरी वरच्या फडताळातला डबा काढत होती. हात वर गेल्याने टॉप सरकला होता. कूस स्वच्छ होती. शोभनाबाईंनी ती का बघितली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी टीव्ही मोठा झाला. दुसऱ्या दिवशी केर काढायला वाकताना नीलांबरी डाव्या कुशीवर हात दाबून थांबली. सरडा तोवर पुन्हा हिरवागार.

एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण पुढे त्याच्या पुढच्या उजव्या पायावर चार बारीक आडव्या रेघा उठल्या, आतल्या बाजूला पाचवी. दुसऱ्या दिवसापासून सून घरात पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागली. सरड्याला बाहेर दिसणारे कान नसतात. तरी जिथे कान असायला हवा तिथे एक काळा ठिपका उमटला, आणि त्यानंतर नीलांबरी फोन दुसऱ्या कानाला लावायला लागली.

शोभनाबाई अंगारे-धुपारे करणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका देवऋष्याला त्यांनी चपला घालायलाही वेळ न देता अंगणाबाहेर काढलं होतं. पण दिसत होतं ते दिसत होतं. काटा हिरव्यात असला की जनावर साफ. काटा पडला की डाग, आणि डागामागोमाग सुनेच्या अंगावर तोच डाग.

लेकाला चार शब्द सुनवावेत, हे मनात येऊन गेलं. पण घरातलं चव्हाट्यावर नेणाऱ्या बायकांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती. त्यांनी बॅग उघडली. लेकाच्या देवघरासाठी तांब्याचं अभिषेकपात्र आणलं होतं, पिंडीवर धार धरायचं, बुडाला भोक असलेलं. त्यांनी भोकात दर्भाऐवजी सुती वात ओवली, पात्र पिंजऱ्यावर टांगलं आणि पाण्याने भरलं. जाळीच्या तीन बाजूंना ओले पंचे लावले. शेगडीवर पातेलं उकळत ठेवलं.

टप. टप. पानांवर थेंब पडायला लागले तसा सरडा हळूहळू वर चढला आणि तोंड वर करून पीत राहिला. काटा सरकत सरकत हिरव्यात येऊन बसला.

"आई, काय जुगाड केलास यार," शैलेंद्र बूट काढत म्हणाला. "हिला हे सुचलं नसतं."

त्या दिवशी टीव्ही लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जानेवारी सरला. नीलांबरी एकदा गुणगुणताना सापडली. शोभनाबाईंची मान ताठ झाली. इंजिनियर लेकाला न जमलेलं चौथी शिकलेल्या बाईने जमवलं होतं. सकाळी उठून देवाआधी त्या पिंजऱ्याचं पाणी बघायच्या.

"आई," भाजी निवडता निवडता नीलांबरीने विचारलं, "तुम्ही परत गेल्यावर काय?"

"शिकवून जाईन ना तुला. त्यात काय अवघड आहे?"

नीलांबरीने जुडी पुढे ओढली. मेथीच्या काड्या मोडत राहिली.

आणि मग ती सकाळ आली. काटा हिरव्यात. पंचे ओले. थेंब चालू. आणि सरड्याच्या डोक्यावर, उजव्या डोळ्याच्या मागे, खोल काळा खड्डा, मधोमध उललेला. उललेल्या जागी आतलं तांबडं दिसत होतं. शोभनाबाईंनी बोट लावून पाहिलं. कातडी सपाट होती, थंड होती. नुसता रंगच होता तो.

काटा हिरव्यात असताना डाग कधी आला नव्हता. आणि डोक्यावर तर कधीच नाही.

शैलेंद्रची गाडी कोपऱ्यावरून वळताच त्या सुनेला म्हणाल्या, "बॅग भर. पासपोर्ट घे. त्या तुझ्या मैत्रिणीला, रत्नाला फोन कर, गाडी घेऊन ये म्हणावं."

नीलांबरीने त्यांच्याकडे पाहिलं. काय झालं, असं तिने विचारलं नाही. कपाटात तळाशी बॅग भरलेलीच होती.

दोन गल्ल्यांपलीकडची रत्ना चपातीचं पीठ हाताला तसंच घेऊन आली. दारात नीलांबरी थांबली. "तुम्ही पण चला, आई."

"मला काय करतोय तो? मी आई आहे त्याची."

"तो विचारेल."

"विचारू दे. मी काय मुकी आहे?"

नीलांबरी बॅग घेऊन पायऱ्या उतरली. बर्फात गाडीच्या चाकांचे दोन चर उरले.

अंधार पडायच्या सुमारास तो आला. शोभनाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्याने आधी काटा बघितला. मग घर.

"नीलू?"

"गेली."

"कुठे?"

"जिथं टीव्ही हळू लावतात तिथं."

तो हसला. जवळ आला आणि आईचं मनगट धरलं. चार बोटं बाहेरून, अंगठा आतून.

"ती गेलीय तिथला नंबर दे, आई."

"सोड."

"बाबांचा हात उठायचा तेव्हा तू कुठे गेलीस? राहिलीस ना?" आवाज शांत होता, समजावल्यासारखा. "तेच तिला शिकवायचं तर तू पळवून लावतेस."

मनगट सोडून तो फोनकडे वळला.

तवा बिडाचा होता. भाकरी नुकतीच उतरवलेली. दांडीला फडकं गुंडाळलेलं होतं.

आवाज एकच झाला. ओलं लाकूड फोडल्यासारखा.

शैलेंद्र आधी बसला. मग कलंडला.

उजव्या डोळ्याच्या मागे खोल काळा खड्डा. मधोमध उललेला.

शोभनाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. ती जागा त्यांना पाठ होती.

सुनेने शिकवून ठेवलेले तीन आकडे त्यांनी दाबले. पलीकडून बाई बोलली.

"माय सन," शोभनाबाई म्हणाल्या. "ब्लड."

"हू हर्ट हिम, मॅम?"

"मदर."

पत्ता सुनेने फोनवर चिकटवलेला होता. तो त्यांनी एकेक अक्षर करून वाचला. मग फडकं ओलं करून लेकाचं तोंड पुसलं. छाती हलत होती की भट्टीच्या हवेने शर्ट हलत होता, कळेना. पिंजऱ्यावर टप टप चालू होती. जाळीवरचे पंचे वाळत आले होते. त्यांनी सवयीने बाटली उचलली आणि पिंजऱ्यात फवारा मारला.

सरडा स्वच्छ हिरवा होता. डोकं, कुशी, सगळं.

फक्त पुढच्या दोन्ही पायांत, मनगटाच्या जागी, एकेक बारीक काळं कडं उमटलं होतं.

खिडकीबाहेर बर्फावर पोलिसांच्या गाडीचा लाल-निळा उजेड फिरायला लागला. शोभनाबाईंनी आपले दोन्ही हात पिंजऱ्यापुढे धरले आणि निरखून पाहिले. नवरा गेल्यापासून त्या हातांत त्यांनी काही घातलं नव्हतं.