पडद्याशेजारची मेधा

जपानातल्या इचिकावा स्टेशनच्या सायकल-तळावर एक मराठी मुलगी खांबाशी हुज्जत घालत होती.

"साहेब, पत्रं मी वेळेवरच लिहीन. पण सिनेमा मला काढू द्या..."

"द्या हो साहेब," मागून आवाज आला. "एवढं म्हणतेय बिचारी."

मेधाने वळून पाहिलं. हातात सायकल, गळ्यात ऑफिसचं कार्ड आणि चेहऱ्यावर खांबाचीही बाजू ऐकून घेतल्याचा गंभीर भाव. नाव सौमित्र. पुण्याचा इंजिनिअर... म्हणजे इथला दर दुसरा मराठी माणूस.

"मी बेन्शी शिकतेय," ती म्हणाली. "मुक्या सिनेमाशेजारी उभं राहून सगळ्यांचे आवाज काढायचे. रविवारी पहिला प्रयोग. ओकादा-सेन्सेईंना, म्हणजे गुरुजींना, पटला तर शिष्या, नाहीतर... घरी."

"आणि हे साहेब?"

"अलीस गी नावाच्या फ्रेंच बाईंचे. त्या सेक्रेटरी होत्या. साहेब म्हणाले, टपाल तुंबणार नसेल तर काढा सिनेमा. बाईंनी शेकडो काढले. पुढे त्यातल्या कित्येकांवर पुरुषांची नावं लागली." तिची मान ताठ झाली. "रविवारी आधी त्यांची गोष्ट सांगणार आहे. नावासकट."

"मग यायलाच हवं. खांबाने एकट्याने किती ऐकायचं?"

रविवारी मेधाने बाईंची गोष्ट सांगितली, मग त्यांच्याच सिनेमातल्या पोलिसाचा, म्हातारीचा आणि कुत्र्याचासुद्धा आवाज काढला. सिनेमा संपला. दिवे लागेपर्यंत टाळी वाजवायची नाही, हा त्या थिएटरचा रिवाज. सौमित्र वाढला होता संगीत नाटकांवर. अंधारातून त्याचा खणखणीत आवाज आला —

"वन्स मोअर."

चाळीस माना वळल्या. अतिशय सभ्यपणे. संपलं, मेधाला वाटलं. सेन्सेई उठले.

"काय म्हणाले ते?"

"आमच्याकडे नाटकातलं पद आवडलं की... तसं म्हणतात. मग नटाने पुन्हा गायचं असतं."

सेन्सेईंनी क्षणभर विचार केला. "मग गायला हवं," म्हणाले, आणि ऑपरेटरला खूण केली.

दुसऱ्यांदा मेधाने अलीस गी हे नाव असं घेतलं, की मागच्या रांगेतली झोपलेली आजीही सावरून बसली.

बाहेर आल्यावर ती सौमित्रवर घसरली. "जीव गेला असता माझा."

"माझा तर गेलाच... कुत्र्याच्या वेळी."

तेवढ्यात सेन्सेई आले. "मेधा-सान, उद्यापासून सकाळी आठला या." मग सौमित्रकडे पाहून, "हे तुमचे कोण?"

इतके आवाज असलेल्या मुलीने या वेळी स्वतःचाच आवाज लावला. मान वर करून ती जपानीत म्हणाली, "माझेच आहेत."

सौमित्रचं जपानी कचरा वेगळा करण्यापुरतंच होतं. पण त्याचे कान मात्र लालबुंद झाले.