एकशे चौदा शंका

आमच्या कचेरीत दोनच टेबलं. एकावर मी, दुसऱ्यावर मुद्रितं तपासणाऱ्या बाई. त्यांना सगळे मावशी म्हणतात, मीसुद्धा, त्या माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या असल्या तरी. लहान मुलांच्या वॉर्डासाठी आम्ही औषधांच्या मात्रांची पुस्तिका तयार करतो. मागच्या आवृत्तीत माझ्या हातून एक दशांशचिन्ह निसटलं. नर्सनं ऐनवेळी पकडलं म्हणून बाळ वाचलं. तेव्हापासून छपाईच्या दिवशी मी प्रत्येक आकडा दोनदा बघतो.

म्हणून संगणकावर आम्ही ज्यात मजकूर लिहितो त्या एडिटरमध्ये मी एक फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम लिहिला. ते प्रत्येक मात्रा मुलाच्या वजनाशी ताडून बघतं आणि शंका आली की थांबून विचारतं, ‘हे बरोबर आहे?’ मी संदर्भग्रंथ बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहितो. ‘नाही’ म्हटलं की ते खरा आकडा मागतं.

त्या दिवशी छापखान्याचा माणूस चार वाजता यायचा होता. बारा वाजले होते आणि फाइली दोनशे सहा. मी शक्कल लढवली. एडिटर न उघडताच, टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला थेट आज्ञा देतात तिथे, एक ओळ लिहून, तेच फंक्शन बाहेरून सगळ्या फाइलींवर सोडलं आणि चहाला गेलो.

चहा संपता संपता स्वतःचा गाढवपणा लक्षात आला. मी ते चालवलं होतं अशा रीतीनं, की प्रश्नाला उत्तर द्यायला पडद्यावर खिडकीही नव्हती आणि त्याला कीबोर्डही जोडलेला नव्हता. पहिल्याच शंकेला ते बंद पडणार होतं.

परत आलो तर सगळ्या फाइली तपासून झाल्या होत्या. फंक्शन स्वतःच लिहीत जातं त्या नोंदवहीच्या फाइलीत एकशे चौदा शंका होत्या आणि एकशे चौदा उत्तरं.

माझ्या जागेवर कोणी बसलं होतं का, असं मी मावशींना विचारलं.

“मी इथून हललेसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “कोण बसणार?”

आम्ही दोघांनी ग्रंथ उघडून एकेक उत्तर पडताळलं. एकही चुकलं नव्हतं. तापाच्या थेंबांपाशी पाच मिलिलिटरचं अर्धा मिलिलिटर केलेलं होतं. तेच बरोबर होतं. मावशी हळूच खुर्चीत बसल्या.

“हे सुटलं असतं,” त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. उत्तरं कोणी का दिली असेनात, मी मनातल्या मनात हात जोडले.

मग नोंदवहीत प्रत्येक उत्तरापुढच्या वेळा बघितल्या. सोप्या शंकेला तीन-चार सेकंद लागले होते.

थेंबांपाशी सहा मिनिटं. आधी ‘हो’ लिहिलं होतं, मग ते खोडून ‘नाही’.

मावशींना मी हे दाखवलं नाही.

चार वाजता फाइली गेल्या. मावशीही गेल्या. मशीन बंद करायला बसलो, तर टर्मिनल अजून मोकळं झालेलं नव्हतं. फंक्शनचा शेवटचा प्रश्न मीच लिहिलेला होता: ‘काम संपलं. बंद करू?’

खाली उत्तर होतं, ‘नाही.’

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पुढे एकेक अक्षर उमटत गेलं. ‘तू घरी जा.’

मी उठलो. सवयीनं दिव्याच्या बटणाकडे हात गेला, तो मागे घेतला आणि दार हळूच ओढून घेतलं.