उरलेली चार मिनिटं

चार वर्षं घासून ती श्वसनोपचार तज्ज्ञ झाली, तेव्हा दादा म्हणाला होता, "म्हणजे फुगे फुगवायची नोकरी ना?" घरात हशा पिकला. तीही हसली. पण अतिदक्षता विभागात रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले आणि त्या चेष्टेतली गंमत पार उतरली, कारण पाच नंबरच्या खाटेवरचा म्हातारा घड्याळजी पहाटे गेला.

आदल्या दिवशी त्याची परीक्षा तिनेच घेतली होती. रीत साधी असते. व्हेंटिलेटरने आपणहून श्वास देणं बंद करायचं. पेशंटने ओढला तरच मशीन हवा देतं. अशी तीस मिनिटं निभावली, की घशातली नळी निघते. घड्याळजीने सव्वीस निभावली. मग श्वास जरा वाढले, ही नवखी घाबरली आणि तिने परीक्षा थांबवून टाकली. नळीमुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याने पाटीवर लिहिलं, 'चारच राहिली.'

"आजोबा, उद्या नक्की," ती म्हणाली.

आपण चुकलो का, हे आता विचारायचं कुणाला?

दुपारी तिने तेच मशीन पुसून तपासायला घेतलं. नळीच्या टोकाला पेशंटऐवजी रबराची पिशवी लावली. पिशवी फुगली, बसली, पुन्हा फुगली. सगळं ठीक. मग तिने मशीनचं आपणहून श्वास देणं बंद केलं. रबर काही श्वास ओढत नाही. वीस सेकंदांत भोंगा वाजायला हवा होता.

वाजला नाही. पिशवी फुगत राहिली.

पडद्यावर प्रत्येक श्वासाखाली हिरवी खूण उमटत होती. पेशंटने स्वतः ओढला, की उमटते ती. गळती असेल म्हणून तिने सांधे घट्ट केले. नळ्यांतलं पाणी झटकलं. नळ्या बदलल्या, शेवटी पिशवीही बदलली. खुणा थांबेनात. तिने मोजल्या. मिनिटाला अठ्ठावीस. काल तिने थांबवलं, तेव्हा नेमके तेवढेच होते.

"झालं का गं?" पलीकडून सिनिअर ताईंनी विचारलं. "नवीन पेशंट निघालाय खालून."

"चार मिनिटं द्या ना, ताई."

ती घड्याळ लावून दर मिनिटाच्या खुणा मोजत उभी राहिली.

सव्वीस. चोवीस. तेवीस.

चौथ्या मिनिटाला बावीस.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जमत होतं त्याला. कालही जमलं असतं.

तिने पिशवी नळीपासून सोडवली, कोऱ्या चादरीवर ठेवली आणि मशीन बंद केलं.

पिशवी वर आली. खाली गेली. वर आली.

तेवढ्यात ताई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. भलत्याच कडक बाई; आता आपली खरडपट्टी निघणार, असं तिला वाटलं. ताई चादरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी खाटेचा पडदा ओढून घेतला.

"त्याला ऑक्सिजनचा मास्क लाव आधी," त्या हळूच म्हणाल्या. "थकतोय तो."